खोली मिळेल का?

एकेकाळी जिथे राहिलो त्या शहरात परत जायचं असेल, तर शक्यतो दिवसाच्या गाडीनं जावं. रात्रीची गाडी माणसाला झोपेत नेऊन उतरवते. दिवसाची गाडी एकेक नदी ओलांडत, एकेक स्टेशन मागे टाकत आपल्याला त्या शहराजवळ नेते आणि तेवढ्या वेळात मनाला एक काम करता येतं. त्या शहरात आपण पहिल्यांदा कसे आलो होतो, कोणाच्या भरवशावर आलो होतो, आल्यावर आपल्यासाठी दार कोणी उघडलं होतं, हे आठवायला सवड मिळते. परतीच्या प्रवासाचा खरा उपयोग मला हाच वाटतो.

गेल्या आठवड्यात मी बडोद्याला गेले. ग्रंथालयशास्त्र शिकायला मी नंदुरबारहून या शहरात आले होते. शिक्षण झाल्यावर काही वर्षं तिथंच नोकरी केली, मग लग्न होऊन मुंबईला आले. बोरिवलीला पहाटेच्या अंधारात गाडीत बसले. वसईच्या खाडीवर उजाडलं. जूनचे पहिले दिवस, आभाळ भरून आलेलं, पावसाचा मात्र पत्ता नाही. पालघर, डहाणू मागे गेलं. घोलवडच्या चिकूच्या वाड्या खिडकीला लागून गेल्या. उंबरगाव आलं आणि पाट्यांवरची मराठी जाऊन गुजराती आली. ताडाची झाडं तीच, शेतंही तीच. भातासाठी भाजून काळी झालेली, पावसाची वाट पाहणारी.

उंबरगावनंतर संजाण लागतं. वेगाच्या गाड्या इथं थांबत नाहीत. या स्टेशनाचं नाव वाचण्यासाठी मी मुद्दाम खिडकीशी सरकून बसते. इराणातून आपला धर्म जपण्यासाठी निघालेले पारशी समुद्रमार्गानं या किनाऱ्याला आले आणि इथल्या राजानं त्यांना वस्तीला जागा दिली, अशी हकिकत त्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्या आगमनाची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ आजही संजाणला आहे. थोडं पुढं उदवाडा. तिथं त्यांचा पवित्र अग्नी आजही अखंड तेवतो आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसांना कोणी तरी राहायला जागा दिली, म्हणून एक धर्म टिकला, उद्योग उभारणारी, दानधर्म करणारी माणसं या देशाला मिळाली. एका होकारातून एवढं सगळं निघू शकतं.

सुरत मागे पडली, भरूच जवळ आलं आणि डबा हलला. नर्मदेवर गाडी येते तेव्हा वर्तमानपत्र वाचणारेही मान वर करतात. कोणी हात जोडतं, कोणी पुटपुटतं. पलीकडे १८८१ साली बांधून झालेला जुना लोखंडी पूल दिसतो. भरूचचे लोक त्याला आजही सोन्याचा पूल म्हणतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी डोळे मिटून ‘नर्मदे हर’ म्हटलं. ते मूळचे नाशिककडचे, मुलाच्या नोकरीमुळे आता बडोद्याला राहणारे. मी विचारलं, “करमतं का?” ते म्हणाले, “आधी नाही करमलं. मग शेजारी ओळखीचे झाले.” करमण्याची इतकी साधी आणि इतकी खरी व्याख्या मी दुसरीकडे कुठं ऐकलेली नाही.

बडोदं आलं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की परत आलेला माणूस बहुधा एकच हिशेब मांडतो. इथं उड्डाणपूल नव्हता, तिथं थिएटर होतं, ते उसळीचं दुकान कुठं गेलं. हा हिशेब लवकर संपतो आणि हातात काही उरत नाही. शहरं बदलायचीच. आर्ट्स फॅकल्टीचा घुमट मात्र जागेवर होता. चिझम या वास्तुकारानं विजापूरच्या गोलघुमटावरून स्फूर्ती घेऊन तो बांधला. त्याच्याकडे पाहताना मला दुसराच हिशेब सुचला. या शहरानं बाहेरून आलेल्या माणसाला काय दिलं आणि काय नाकारलं?

हा प्रश्न बडोद्याला विचारणं रास्त आहे, कारण हे शहर घडवलं तेच मुळी बाहेरून आलेल्यांनी. गायकवाड इथं आले ते मराठी फौजांबरोबर. ज्यांच्या नावानं आज विद्यापीठ, बाग आणि रुग्णालय ओळखलं जातं ते सयाजीराव महाराज मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा वय बारा वर्षांचं आणि अक्षरओळख नाही. कवळाण्याच्या त्या मुलाला बडोद्यानं शिकवलं. पुढे त्यानं सगळ्या संस्थानाला शिकवायचं मनावर घेतलं. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ते सबंध संस्थानात लागू झालं. ज्याच्यासाठी दार उघडलं गेलं त्यानं दुसऱ्यांसाठी दारं उघडली, एवढ्या एका वाक्यात मला त्या राजवटीची थोरवी दिसते.

त्या उघड्या दारांतून किती जण आले! इंग्लंडमध्ये शिकून आलेले अरविंद घोष १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि तेरा वर्षं राहिले. रियासतकार सरदेसाई इथंच दरबारी नोकरीत होते. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. आग्र्याच्या घराण्याचे फैयाज खाँसाहेब इथले दरबारगायक झाले. आणि अमेरिकेहून विल्यम बोर्डेन आले. माझ्या व्यवसायातल्या माणसांना हे नाव विसरता येत नाही. १९१० साली महाराजांनी या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग सुरू झाला. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्याच्या जोडीला गावोगावची मोफत वाचनालयं उभी राहिली. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. ती पेटी गावात उघडली की पुस्तक कोणीही मागावं, असा त्यामागचा विचार होता. सार्वजनिक ग्रंथालय या कल्पनेचा गाभाच तो आहे. दारातून आत येणारा वाचक असतो, आणि वाचकाला एवढंच विचारायचं असतं की पुस्तक कोणतं हवं.

घर देताना मात्र आपण वेगळे प्रश्न विचारतो.

नंदुरबारहून सुरत आणि सुरतेहून बडोदा असा प्रवास करून मी पहिल्यांदा आले, तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. वडिलांबरोबर गावात खोली शोधत हिंडले. मराठी वस्तीतच शोधत होतो, कारण तिथं आपली माणसं भेटतील असं वाटत होतं. दार उघडायचं, नाव विचारलं जायचं, मग आडनाव. आडनाव सांगितलं की मूळ गाव. मूळ गाव सांगितलं की समोरच्याला आठवायचं की खोली कालच कोणी तरी ठरवून गेलं. कोणीही वाईट शब्द बोललं नाही. पाणीसुद्धा मिळालं. पण प्रत्येक जिना उतरताना वडील थोडे थोडे गप्प होत गेले, ते मी पाहत होते. संध्याकाळी ते म्हणाले, “नऊच्या गाडीनं परत जाऊ. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत वेगळं सांगायला नको.

तेव्हा दांडिया बाजारातल्या एका घराच्या दारात एक काकू धुणं काढत होत्या. आम्ही त्यांना काही विचारलंही नव्हतं. आमच्या हातातली वळकटी पाहून त्यांनीच विचारलं, “खोली बघताय का?” वडिलांनी हो म्हटलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत स्वतःच आडनाव सांगून टाकलं. काकूंनी ते ऐकलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पाणी सकाळी सहाला येतं आणि सातला जातं. उठशील ना वेळेवर?” मी मान हलवली. “मग सामान वर ने. माडीवरची खोली आहे, उन्हाळ्यात तापते, ते आधीच सांगून ठेवते.” भाडं किती, ते नंतर ठरलं.

पुढं कधी तरी, त्यांच्या स्वयंपाकघरात शेंगा निवडता निवडता, मी त्यांना विचारलं होतं की त्या दिवशी तुम्ही काहीच कसं विचारलं नाहीत. त्यांनी उत्तर दिलं ते मला अजून पाठ आहे. “आम्ही तरी कुठले इथले? माझे सासरे वाईहून आले, खाजगी खात्यात कारकून म्हणून. त्यांना कोणी तरी ओसरी दिली म्हणून आज हे घर आहे.” काकूंना हे आठवत होतं. बहुतेकांना आठवत नाही. आसरा मिळालेल्यांच्या पुढच्या पिढ्या घरमालक होतात, आणि आपल्या आजोबांच्या हातातही एक वळकटी होती हे त्या घराच्या भिंतींना कोणी सांगत नाही.

याच शहरात घडलेली एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ती पुढे मध्यवर्ती ग्रंथालयात वाचताना समजली. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण अमेरिकेला गेला. कोलंबिया विद्यापीठात शिकला, तिथून लंडनला गेला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्याला आला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परदेशातल्या विद्यापीठांनी त्यांना वर्गात बसवलं होतं. बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना.

त्यांनी स्वतःच हे पुढे लिहून ठेवलं आहे. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले, रोजचा दीड रुपया देऊन. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाजूला मोडक्या सामानानं भरलेलं मोठं दालन, विजेचे दिवे नाहीत, सोबतीला कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि त्यांना तिथून निघून जायला सांगण्यात आलं. त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांचीही काही ना काही अडचण निघाली. मग हा माणूस कमाटी बागेत जाऊन बसला, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. बागेत त्यांच्या त्या दिवसाच्या स्मरणाची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथं दुरून दुरून माणसं येतात.

या हकिकतीत एकाच समाजाकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि ते खोटंही ठरेल. तिथं पारशी होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. सगळ्यांनी मिळून एकच उत्तर दिलं. ज्यांचे पूर्वज संजाणच्या किनाऱ्यावर आसरा मागत उतरले होते तेही, आणि ज्यांचे पूर्वज घोड्यावरून या मुलखात आले होते तेही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त छळतं ते हे की राजा उदार होता. त्यानं या तरुणाला समुद्रापार धाडलं, त्याच्यावर खर्च केला, त्याच्यासाठी दरबारात जागा ठेवली. राजाच्या हुकमानं शाळा निघते, ग्रंथालय निघतं, शिष्यवृत्ती मिळते. माडीवरची खोली मात्र हुकमानं मिळत नाही. ती घरात राहणाऱ्या माणसानंच द्यावी लागते. कोणतंही शहर मोठं आहे की नाही, हे त्याच्या राजवाड्यावरून किंवा उड्डाणपुलांवरून ठरत नाही. संध्याकाळी सामान घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्या शहरातली साधी घरं काय उत्तर देतात, त्यावरून ठरतं.

दुपारी मी कमाटी बागेत गेले. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग लोकांसाठी खुली झाली. संकल्पभूमीपाशी शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचत होत्या. तिथून चालत दांडिया बाजारात आले. काकूंचं घर आहे, माडीही आहे. काकू नाहीत. त्यांच्या मागे मुलं बाहेरदेशी गेली आणि घर दुसऱ्यांकडे आलं. दारातल्या बाईंना मी सांगितलं की मी इथं वर राहत होते. त्यांनी “या ना, बसा” म्हणत सरबत दिलं. ते घेताना मनात आलं की काकूंचं देणं आता या घरात फेडता येणार नाही. त्यांना माझी गरज नव्हती, आणि आता त्याच नाहीत. अशा देण्याची परतफेड उलट दिशेनं होत नाही. ती पुढच्याकडेच करावी लागते, आणि तीही आपण आज जिथं राहतो त्या गावात.

म्हणून बडोद्याहून परत आल्यावर ही चिंतनिका लिहायला बसले, तेव्हा डोळ्यांसमोर बडोदं कमी आणि माझीच इमारत जास्त होती. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि ती घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते ज्यांना बडोद्यात खोली मिळाली नव्हती. तरीही मुंबईत, पुण्यात, नाशकात खोली शोधणाऱ्या मुलामुलींना विचारून पाहा. आडनाव अजून विचारलं जातं. त्याच्या जोडीला नवे प्रश्न आले आहेत. काय खाता? कोणत्या धर्माचे? लग्न झालं आहे का? एकट्याच राहणार का? कोणत्या राज्यातले? उत्तर आवडलं नाही की आजही कोणी वाईट बोलत नाही. खोली कालच गेलेली असते.

हे प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नसतात, हे मला माहीत आहे. शेजारी काय म्हणतील, सोसायटी काय म्हणेल, याची त्यांना भीती असते. बाबासाहेबांच्या त्या हिंदू मित्राचीही भीती अशीच होती. तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असं त्यानं सांगितलं होतं. पण भीती कोणाचीही असो, तिची किंमत बागेत बसलेला माणूस मोजतो. घरात बसलेल्याला फक्त थोडं अवघडल्यासारखं होतं आणि संध्याकाळी तो ते विसरतो.

भाडेकरू निवडताना घरमालकानं काहीच बघू नये, असं मी म्हणत नाही. भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवलं जाईल का, करारावर सही होईल का, हे विचारणं त्याचा हक्क आहे. या प्रश्नांची उत्तरं माणसाच्या वागण्यात मिळतात. आडनावात ती मिळत नाहीत, स्वयंपाकघरातल्या वासातही मिळत नाहीत. ज्या प्रश्नाच्या उत्तराचा घराच्या देखभालीशी संबंध नाही, तो प्रश्न विचारण्याची गरज नाही. एवढी एकच कसोटी पुरेशी आहे.

निकाल लागले आहेत, प्रवेश सुरू होतील. येत्या काही आठवड्यांत नांदेडहून, नंदुरबारहून, गडचिरोलीहून, बिहारहून, मणिपूरहून मुलंमुली आपल्या शहरांत उतरतील. त्यांच्यासोबत कोणाचे तरी वडील असतील, आणि प्रत्येक जिना उतरताना ते थोडे गप्प होत जातील. आपल्याकडे खोली रिकामी असेल, किंवा सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूंचा नियम चर्चेला येणार असेल, तर हा विषय टाळू नका. ज्या शहरानं तुम्हाला कधी काळी सामावून घेतलं त्याची आठवण आली, तर तिकीट काढून तिथं जरूर जाऊन या. पण त्याचं देणं फेडायचं ते इथंच, आपल्या उंबऱ्यावर. दारात कोणी आलं की भाडं सांगा, पाण्याची वेळ सांगा आणि खोली दाखवा.